पंचवीस सी आणि पन्नास सी मिळून पंचाहत्तर होत नाहीत

चवथ (गणेश चतुर्थी) झाली, दिवाळीचे वेध लागले, आणि या महिन्यात आलेल्या पत्रांत बॅटरीच बॅटरी. एक बॅटरी पुरत नाही म्हणून दुसरी आणून तिला जोडायची, हा आपला सरळ हिशोब, त्यात चुकीचं काही नाही. पण जोडल्यावर नक्की काय वाढतं आणि काय तसंच राहतं यात भल्याभल्यांचा घोळ होतो, मी सुद्धा सुरुवातीला एक पॅक फुगवून घेतलाय त्यापायी. पाच पत्रं निवडलीत. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : आमचं डिचोलीकडचं नरकासुर मंडळ, नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळायचा पुतळा आम्ही करतो. यंदा हात, मान आणि जीभ हलणारा नरकासुर करतोय, चार वायपर मोटरी आणि एलईडी पट्ट्या आहेत. जनरेटर ओढत न्यायचा कंटाळा म्हणून बॅटरीवर चालवायचं ठरलंय. एका मित्राकडे आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानाच्या दोन लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या आहेत, दोन्ही ३ एस (तीन सेल एकापुढे एक), ५००० एमएएच, पण एकीवर २५ सी आणि दुसरीवर ५० सी लिहिलंय. पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडल्या तर ७५ सी मिळेल का? मंडळात दोन तट पडलेत, एक म्हणतो ७५, दुसरा म्हणतो २५ च धरायचा.

उत्तर : दुसऱ्या तटाला माझ्याकडून चहा द्या, पण त्यांचंही उत्तर पूर्ण बरोबर नाही.

सी हा आकडा स्वतः करंट नाही बाबांनो, तो नुसता पट आहे. बॅटरी तासाभरात रिकामी होईल एवढा करंट म्हणजे १ सी. तुमची ५००० एमएएच म्हणजे ५ अँपिअर-तासांची, म्हणून तिचा १ सी म्हणजे ५ अँपिअर, २५ सी म्हणजे १२५ अँपिअर आणि ५० सी म्हणजे २५० अँपिअर. दोन बॅटऱ्या जोडताना पटांची बेरीज करायचीच नसते, आधी प्रत्येकीचे अँपिअर काढायचे आणि मग काय ते जोडायचं. पॅरललमध्ये १२५ आणि २५० मिळून ३७५ अँपिअर, क्षमता झाली १० अँपिअर-तास, म्हणजे कागदावर ३७.५ सी. दोन्ही बॅटऱ्या सारख्याच २५ सी च्या असत्या तर करंट दुप्पट झाला असता, क्षमता दुप्पट झाली असती आणि सी मात्र २५ चा २५ च राहिला असता. इथेच लोक फसतात, त्यांना वाटतं सी वाढला नाही म्हणजे काहीच वाढलं नाही.

आता हा कागद बाजूला ठेवा. पॅरललमध्ये जोडलेल्या दोन बॅटऱ्या स्टिकर वाचून करंट वाटून घेत नाहीत. जिचा आतला रेझिस्टन्स कमी तिच्यातून जास्त करंट निघतो, बस्स. हे मी माझ्या फोंड्याच्या दुकानात टेबलावर करून बघितलेलं आहे. एक नवी २२०० एमएएच ची बॅटरी, ४० सी ची, चार्जरवर आतला रेझिस्टन्स दाखवत होता तिन्ही सेलचा मिळून १५ मिलिओम. दुसरी ५००० ची, २० सी ची, तीन वर्षं वापरून दमलेली, तिचा ४५ मिलिओम. स्टिकरप्रमाणे छोटीची ताकद ८८ अँपिअर आणि मोठीची १००, म्हणजे मोठीनं जास्त ओझं उचलायला हवं. दोन्ही एका व्होल्टेजला आणून पॅरलल जोडल्या, ४० अँपिअरचा लोड लावला आणि एकेका वायरवर क्लॅम्प मीटर (वायरभोवती धरून करंट मोजणारा) धरला. छोटी ३०, मोठी १०. मोठी बॅटरी आरामात बसलीय आणि छोटी तिचंही काम करतेय, आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात असतं ना तसं. पुढे छोटीचा व्होल्टेज उतरत जातो तसा भार हळूहळू मोठीकडे सरकतो, आणि गंमत म्हणजे लोड काढला तरी दोघींची देवाणघेवाण चालूच राहते, मोठी आपल्यातलं थोडं छोटीत ओतत बसते.

म्हणून २५ आणि ५० सी एकत्र करायचेच असतील तर मी दोन्ही २५ सी च्याच समजतो, म्हणजे एकूण २५० अँपिअर, आणि त्यातलेही निम्मेच वापरतो. तेही दोन्ही साधारण एका वयाच्या असतील तरच. ५० सी वाली जुनी होऊन तिचा रेझिस्टन्स वाढला असेल तर बिचाऱ्या २५ सी वालीवरच जास्त भार येणार, मग दुसऱ्या तटाचा २५ चा हिशोब पण चुकतो. स्टिकरवरचा सी हा कंपनीचा दावा आहे, मोजलेली गोष्ट नाही असंच धरून चाला. काही स्वस्त पॅकवर १०० सी लिहिलेलं असतं. १०० सी म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी ३६ सेकंदांत रिकामी. २२०० एमएएच ला ते होतात २२० अँपिअर, आणि त्याच पॅकला कनेक्टर असतो तो पिवळा एक्सटी ६०, जो ६० अँपिअरच्या हिशोबाचा. आता यातलं कोण खोटं बोलतंय ते तुम्हीच ठरवा.

पण खरं सांगू का, तुमच्या नरकासुराला सी लागतोच कुठे? वायपर मोटर चालताना साधारण ४-५ अँपिअर घेते, चार मोटरी म्हणजे २०, पट्ट्यांचे ५ धरा, झाले २५ अँपिअर. तुमच्या १० अँपिअर-तासांना हा जेमतेम अडीच सी. २५ सी वाली एकटीसुद्धा हसत देईल. तुमचा प्रश्न वेळेचा आहे. १० अँपिअर-तास भागिले २५ अँपिअर म्हणजे २४ मिनिटं, लिपो पूर्ण रिकामी करायची नसते म्हणून ८० टक्केच धरा, १९ मिनिटं. रात्री नऊला बाहेर काढलेला नरकासुर सव्वानऊनंतर नुसता डोळे वटारून उभा. सी वरून भांडताना अँपिअर-तास मोजायचे राहून गेले तुमचे.

त्यापेक्षा १२.८ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी एका रात्रीपुरती कुणाकडून मागून घ्या. २५ अँपिअर म्हणजे तिला फक्त पाव सी, ८० टक्के धरले तरी सलग तीन तासांच्या वर चालेल आणि तुम्ही काय मोटरी सलग थोड्याच चालवणार. शिवाय तिच्यात बीएमएस (मर्यादेबाहेर गेलं की बॅटरी आपोआप तोडणारं सर्किट) असतो, आरसी च्या लिपोत नसतो. लिपो सेलमागे ३ व्होल्टच्या खाली गेली की कायमची बिघडते, फुगते, आणि कागद-गवताच्या पोटात फुगलेली लिपो ठेवून शेजारी फटाके वाजवायचे म्हणजे नरकासुर वेळेआधीच पेटायचा. लिपोच वापरणार असाल तर पाच-सहाशे रुपयांच्या आत मिळणारा व्होल्टेज अलार्म प्रत्येक पॅकला लावा, ३.५ वर सेट करा.

आणि मोटर अडकते तेव्हाचं काय? हात कुठे दोरीत गुंतला तर तीच ५ अँपिअरची मोटर २० च्या वर ओढते. गेल्या वर्षी नरकासुराच्याच रात्री एक पोरगा दुकानाचं शटर वाजवत आला, हातात कनेक्टर. पिवळा प्लॅस्टिक कॉफीच्या रंगाचा झालेला, एक पिन आत तिरकी बसलेली, आणि तो जळक्या प्लॅस्टिकचा वास बोटांना दोन दिवस राहिला. बॅटरी ठणठणीत होती त्याची. सोल्डर कच्चं होतं, तिथे १० मिलिओम जरी रेझिस्टन्स आला तरी ३० अँपिअरला ९ वॅट उष्णता होते, अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेत. मोबाईल रिपेअरवाल्याची सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते, यावरून अंदाज करा. तेव्हा प्रत्येक मोटरला वेगळा १० अँपिअरचा फ्यूज आणि प्रत्येक बॅटरीच्या प्लसजवळ तिचा स्वतःचा फ्यूज, गाडीतले पात्याचे फ्यूज चालतील.

पहाटे जाळायच्या आधी बॅटरी काढायचं काम एकाच माणसाला नावानिशी सांगून ठेवा. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही.

प्रश्न : मी शापोरा नदीत छोटी होडी चालवतो. १२ व्होल्टच्या दोन लिथियम बॅटऱ्या आहेत, ५० अँपिअर-तासांच्या, दोघींवर कमाल डिस्चार्ज ५० अँपिअर असं लिहिलंय. नवीन इलेक्ट्रिक मोटर २४ व्होल्टची आहे आणि ४५ अँपिअरपर्यंत घेते. सिरीज (एकीच्या प्लसला दुसरीचा मायनस) केली तर १०० अँपिअर मिळतील ना, म्हणजे निवांत?

उत्तर : नाही दादा, सिरीजमध्ये ५० चे ५० च राहतात. एकाच वायरमधून एकच करंट दोन्ही बॅटऱ्यांतून जातो, तो दोघींनाही पूर्ण सोसावा लागतो. वाढतो तो व्होल्टेज. १२.८ चे २५.६ व्होल्ट झाले, त्याला ५० नं गुणलं की १२८० वॅट, एकटीचे होते ६४०. ताकद दुप्पट झालीच, फक्त अँपिअरच्या रूपात दिसत नाही. क्षमताही ५० अँपिअर-तासच राहते. ४५ अँपिअरनं पूर्ण वेगात चालवाल तर तासाभराच्या आसपास, आणि निम्म्या वेगात त्याच्या कितीतरी पट जास्त, कारण पाण्यात वेग थोडा वाढवायला ताकद फार लागते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

४५ च्या मोटरला ५० ची बॅटरी म्हणजे कागदावर जमतं, पण मला हे अंतर कमी वाटतं. पंख्यात प्लॅस्टिक नाहीतर जाळ्याचा तुकडा अडकला की करंट उसळणार आणि बीएमएस तोडणार. दोघींपैकी जी आधी तोडेल ती दोघींना बंद करते. म्हणून सिरीजमध्ये एक ५० ची आणि एक १०० ची, किंवा एक नवी आणि एक जुनी असं कधीच करू नका, लहान आधी रिकामी होते आणि मोठी तिच्यातून जबरदस्तीनं करंट ढकलायला बघते. बीएमएस असेल तर तो तोडेल, नसेल तर त्या सेलचा व्होल्टेज शून्याच्याही खाली उलटा जातो आणि सेल कामातून गेला.

आणखी एक गोष्ट बॅटरीच्या कागदपत्रात शोधा, सिरीज चालते असं लिहिलंय का. १२ व्होल्टच्या बॅटरीतला बीएमएस बंद होतो तेव्हा त्याच्या आतल्या मॉसफेटवर (करंट तोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) सिरीजचा सगळा व्होल्टेज येऊन बसतो, वर मोटरचा झटका. ज्या बीएमएस चे मॉसफेट तेवढ्याचे नसतात ते एकदा तोडताना जळतात, आणि पुष्कळदा चालू अवस्थेतच चिकटून बसतात, म्हणजे पुढच्या वेळी गरज असेल तेव्हा तोडतच नाहीत. जोडायच्या आधी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या, पूर्ण चार्ज करा. आणि खाऱ्या हवेत टर्मिनल महिन्यातून एकदा उघडून बघा, हिरवट काही दिसलं की घासून साफ करून वर ग्रीस.

वल्हं होडीतच ठेवा.

प्रश्न : आमचं घर माशेलला, चवथीला सगळे जमतात, तीस-पस्तीस माणसं. यंदा इन्व्हर्टरला १०० अँपिअर-तासांची दुसरी लिथियम बॅटरी जोडून घेतली, दोन्ही सारख्या, एकाच दुकानातल्या, प्रत्येकीचा बीएमएस १०० अँपिअरचा. इलेक्ट्रिशियन म्हणाला आता २०० अँपिअर मिळणार. आणि नेमकी चवथीच्या सकाळी लाईट गेली, खोबरं वाटायला मिक्सर चालू होता, कुणीतरी विहिरीचा पंप लावला आणि सगळं बंद. दोन्ही बॅटऱ्या एकदम कशा जातील?

उत्तर : ताई, एकदम नाही गेल्या, एकामागून एक गेल्या, पण इतक्या पटकन की तुम्हाला एकदमच वाटलं. तुमच्या फोटोत दिसतंय, पहिली बॅटरी इन्व्हर्टरच्या पायाशी, वीतभर केबलवर, आणि दुसरी दाराच्या पलीकडे, दोन मीटर केबल, तीही बारीक. इलेक्ट्रिशियन भाऊंनी जागा बघून ठेवलीय, केबल मोजून नाही.

१० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा रेझिस्टन्स मीटरमागे पावणेदोन मिलिओमच्या आसपास असतो. जायचे दोन मीटर आणि यायचे दोन, म्हणजे ७ मिलिओम, त्यात केबलच्या टोकाला घट्ट न दाबलेल्या थिंबलचा एखादा. ऐकायला काहीच नाही, पण बॅटरीचा आणि तिच्या बीएमएस चा मिळून रेझिस्टन्सच १२ मिलिओम धरला तर जवळचीच्या वाटेत १२ आणि लांबचीच्या वाटेत २०. आता १६० अँपिअर ओढा. जवळची देणार १००, लांबची ६०. म्हणजे तुमचे २०० यायच्या कितीतरी आधी, १६० लाच पहिलीच्या बीएमएस नं हात वर केले. ती गेली की सगळे १६० दुसरीवर, तिचाही बीएमएस तोडतो, अंधार. वर माझ्या टेबलावरच्या छोट्या बॅटरीचं जे झालं तेच तुमच्या सारख्या, नव्या, एका दुकानातल्या बॅटऱ्यांचं झालं, फक्त इथे फरक केबलनं पाडला.

१६० अँपिअर म्हणजे इन्व्हर्टरचं नुकसान धरून बाहेर साधारण १८०० वॅट. फ्रिज, पंखे, साडेसातशेचा मिक्सर, आणि अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप, जो सुरू होताना क्षणभर चालतानाच्या चार-पाचपट करंट मागतो. त्या क्षणानंच घात केला.

सांगा त्या भाऊंना, दोन्ही बॅटऱ्या शेजारी, दोन्हीकडे एकाच लांबीची आणि एकाच जाडीची केबल, आणि इन्व्हर्टरची लाल केबल पहिल्या बॅटरीच्या प्लसला तर काळी दुसऱ्या बॅटरीच्या मायनसला. अशी तिरपी जोडली की दोन्ही वाटा आपोआप सारख्या होतात, पैसा लागत नाही यात. तरीही मी हिशोब १६० चाच धरेन, २०० चा नाही. आणि पंप इन्व्हर्टरवरून काढा, टाकी आधी भरून ठेवायची.

तुम्ही खाली विचारलंय की जुनी ॲसिडची बॅटरी पण सोबत जोडू का. नको. पूर्ण भरून शांत बसलेली ॲसिड बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास आणि लिथियम फॉस्फेट १३.३ च्या, म्हणजे लाईट असो नसो लिथियम सारखी तिला पाजत राहणार. ती भाचीच्या घरी देऊन टाका.

प्रश्न : कुळागरात वापरायच्या बॅटरीवरच्या गवत कापायच्या मशिनचा आणि ड्रिलचा पॅक मेला. नवा पॅक महाग. माझ्याकडे जुन्या लॅपटॉपचे १८६५० सेल आहेत, पाच सेल सिरीज करून पॅक बनवला तर व्होल्टेज बरोबर येतो पण ड्रिल जोर लावलं की बंद पडतं. बाजारात ९९०० एमएएच चे सेल मिळतायत, ते घालू का?

उत्तर : ९९०० चे घालू नका, कारण तसे सेल नसतातच. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, तेवढ्या डबीत नावाजलेल्या कंपन्यांचे सेल सुद्धा ३५०० एमएएच च्या आसपास थांबतात. ९९०० लिहिलेला सेल हातात घ्या, हलका लागेल. मी एक मोजला होता, हजारसुद्धा भरला नाही.

लॅपटॉपचे सेल खोटे नसतात, पण ते वेगळ्या कामाचे. लॅपटॉप हळूहळू पितो, त्यामुळे त्या सेलमध्ये मालाचा थर जाड, क्षमता जास्त, डिस्चार्ज २ सी च्या आसपास, म्हणजे ४-५ अँपिअर. ड्रिलच्या सेलमध्ये थर पातळ, क्षमता कमी आणि करंट भरपूर. उदाहरण द्यायचं तर सॅमसंगचा २५आर, २५०० एमएएच, २० अँपिअर, म्हणजे ८ सी. म्हणजे आकड्यानं छोटा सेलच इथे मोठं काम करतो.

तुमचा सेल जुना झालाय, रेझिस्टन्स ८० मिलिओम सहज असेल. ड्रिलनं १५ अँपिअर मागितले की प्रत्येक सेलमध्येच १.२ व्होल्ट जिरतात, ३.७ चा २.५ होतो, पाच सेलचे मिळून ६ व्होल्ट गायब, मशीन बंद. आणि तेवढ्यात एकेक सेल १८ वॅटनं तापतोय. हाताला चटका लागला असेल तुमच्या, पत्रात लिहिलं नाहीत ते वेगळं.

लॅपटॉपच्या सेलवरच चालवायचं म्हटलं तर २० अँपिअरसाठी एकेकाचे ४ धरून पाच पॅरलल, असे पाच गठ्ठे सिरीज, पंचवीस सेल. ते गाठोडं ड्रिलला लावून माडीवर कोण चढणार? त्या सेलचे एलईडी दिवे करा, फवारणीच्या पंपाला वापरा, तिथे छान चालतील, पण तिथेही रेझिस्टन्स मोजून सारखे सेल एका गठ्ठ्यात घ्या. ड्रिलला पाच नवे जास्त करंटचे सेल, ओळखीच्या विक्रेत्याकडून, आणि सेल जोडायची पट्टी सोल्डर करायची नाही, स्पॉट वेल्डिंग करून घ्यायची. मडगावात करून देतात.

प्रश्न : मी फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे. प्रोजेक्टसाठी दोन २२०० एमएएच, ३ एस, २५ सी लिपो पॅरलल करायच्या आहेत. एक पूर्ण भरलेली आहे आणि एक बरीच वापरलेली. दोन्ही २५ सी च्या, सारख्याच आहेत, मग लगेच जोडल्या तर काय होतं? आपोआप समान होतील ना?

उत्तर : समान होतील, पण कशा ते बघ. भरलेली १२.६ व्होल्ट, वापरलेली ११.१ धरू, फरक दीड व्होल्ट. दोघींचा आतला रेझिस्टन्स १५-१५, एकूण ३० मिलिओम. दीड भागिले ०.०३ म्हणजे ५० अँपिअर, जोडल्याक्षणी. भरलेलीला त्याचं काही नाही, तिची मर्यादा ५५ आहे. पण दुसरी त्या वेळी डिस्चार्ज होत नाहीये, चार्ज होतेय, आणि २५ सी हा डिस्चार्जचा आकडा आहे. चार्जचा वेगळा, बारीक अक्षरात मागच्या बाजूला लिहिलेला असतो, बहुतेक पॅकना १ सी हा सुरक्षित हिशोब, म्हणजे २.२ अँपिअर. त्याच्या बावीस पट तू तिच्यात कोंबणार. ठिणगी उडून कनेक्टरची पिन काळी पडली तर स्वस्तात सुटलास म्हणायचं.

दोन्ही आधी चार्जरवर एका व्होल्टेजला आण, सेलमागे ०.०५ व्होल्टच्या आत, फार तर ०.१. प्रत्येक सेल वेगळा मोज, नुसता पॅकचा एकूण व्होल्टेज बघून चालत नाही, कारण ११.१ मध्ये एक सेल ३.९ वर आणि एक ३.३ वर असू शकतो. जोडल्या की दोन्ही मिळून ११० अँपिअर, सी अजूनही २५ च, हे तुझ्या प्रोजेक्ट रिपोर्टात नीट लिही, व्हायव्हाला हमखास विचारतात. आणि प्रोजेक्ट संपल्यावर त्या पूर्ण भरून कपाटात ठेवू नकोस, सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेव. होस्टेलच्या गादीखाली तर नाहीच.